दहावीनंतर अकरावी की डिप्लोमा? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-२०१ ताई: चिरंजीवांना दहावीला ७४ टक्के. डिप्लोमा मेकॅनिकलच करायचं म्हणतोय. ह्यांचं म्हणणं, आधी सायन्स घे, इंजिनिअरिंग काय नंतर होतंच. घरात रोज हाच विषय. कुणी अनुभवाचं सांगेल का?

सी-१०३ आजोबा: अभिनंदन! पेढे कधी? माझं मत विचाराल तर सायन्स. डिप्लोमावाला जन्मभर सुपरवायझर राहतो.

ए-४०२ वहिनी: सायन्सच घ्या ताई. टाय-अपवालं कॉलेज बघा. कॉलेजला जावंच लागत नाही, थेट क्लासला.

बी-३०४ काका: वहिनी, जायचंच नाही त्या कॉलेजची फी कशाबद्दल भरायची?
ताई, भोसरीत टूलरूममध्ये नोकरी झाली माझी, म्हणून बोलतो. आधी वर्षं मोजा. अकरावी-बारावी २ आणि बीई ४, झाली ६. डिप्लोमा ३, मग बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश म्हणजे आणखी ३, तीही ६च. मधे सीईटीची प्रवेश परीक्षा नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर नंबर लागतो. उलट बारावी सायन्स करून सीईटीत आपटला आणि मग डिप्लोमाकडे वळला, तर तिथे दुसऱ्या वर्षाला घेतात खरं, पण २ अधिक २ म्हणजे ४ वर्षांनी तेच सर्टिफिकेट हातात. ‘आधी सायन्स, मग बघू’ वाटतं तितकं स्वस्त नाही.
मात्र मेडिकल किंवा एनडीए (सैन्यात अधिकारी) मनात असेल तर डिप्लोमाला जाऊ देऊ नका. तिकडे बारावीच लागते.

ए-२०१ ताई: मेडिकल नाहीच. रक्त बघून चक्कर येते त्याला.

डी-१०१ (थर्ड इयर): काकू, मी डिप्लोमालाच आहे. पहिल्या वर्षाचं गणित हलक्यात घेऊ नका. दहावीला ८५ वाले आमच्यात केटी (राहिलेले विषय) घेऊन बसलेत, एकाला तर वायडी लागला, म्हणजे वर्षच गेलं. सहा महिन्यांत सेमिस्टर संपतं, मॅन्युअल आणि सबमिशनमध्येच निम्मा जीव जातो. मराठी माध्यमातून आलात तर सुरुवातीला इंग्रजी पुस्तकं जड जातात. तो कुठल्या मीडियमचा?

ए-२०१ ताई: सेमी इंग्लिश.

डी-१०१ (थर्ड इयर): मग चालेल. गणितात किती?

ए-२०१ ताई: तिथेच तर गडबड आहे 😐 सायन्सला ८१, गणिताला ६२.

डी-१०१ (थर्ड इयर): मग सुट्टीत त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम करून घ्या. माझ्या वह्या देतो.

सेक्रेटरी: विषय चालू ठेवा, पण बी विंगसमोर लावलेली पांढरी गाडी कुणाची आहे? टँकर अडकलाय.

बी-२०२ मावशी: आयटीआयचं नावच कुणी काढत नाही. माझा भाचा औंधच्या आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. २ वर्षं ट्रेड, १ वर्ष अप्रेंटिस, आता चाकणला पर्मनंट. पंप बंद पडला की ‘कुणाकडे चांगला इलेक्ट्रिशियन आहे का’ म्हणून ह्याच ग्रुपवर ओरडता, आणि स्वतःच्या पोराचं नाव निघालं की नाक मुरडता.

सी-१०३ आजोबा: मावशी, माझ्याकडे बघून बोललात का? 😄

बी-३०४ काका: मावशींचं बरोबर आहे. २ वर्षांचा ट्रेड झाला की तिथूनही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. २, २ आणि ३, बीईपर्यंत ७. एकच वर्ष जास्त. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या (इंजिनचा सहायक चालक) भरतीला दहावीवर आयटीआय किंवा डिप्लोमा चालतो, नुसती बारावी सायन्स चालत नाही. हे सायन्सवाल्यांना बारावीनंतर कळतं.

ए-४०२ वहिनी: पण लग्नाच्या वेळी आयटीआय म्हटलं की...

बी-२०२ मावशी: वहिनी, तो १६ वर्षांचा आहे!

ए-२०१ ताई: ह्यांना सगळे मेसेज दाखवले. म्हणतात, डिप्लोमाला गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निक मिळालं तर हो, नाहीतर अकरावी. दोन्हीकडे फॉर्म भरता येतो का?

बी-३०४ काका: येतो, पोर्टल वेगवेगळी आहेत. पसंतीक्रम मात्र जपून. पहिल्या पसंतीचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीला थांबता येत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर जे लागू असेल ते आजच काढायला टाका, सेतूत रांगा लागतात. मागच्या वर्षीचे कटऑफ तंत्रशिक्षणच्या साइटवर आहेत. रात्री जेवणानंतर चिरंजीवांना मार्कशीट घेऊन पाठवा, आणि ह्यांनाही.

ए-२०१ ताई: हे येतील का शंका आहे. तो नक्की येईल.