मदत हवी आहे : पहिल्या तीन फ्रेटवर बेस (गिटार) खरखरतो, ट्रस रॉड पूर्ण सैल झाला, नेक मात्र ढिम्म

मंडळी, दोन आठवडे या बेसशी झटापट चालू आहे. आता हात टेकले.

चार तारांचा साधा बेस, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), नेक (फ्रेटच्या पट्ट्या बसवलेला लांब दांडा) स्क्रूंनी जोडलेली. आधी ४५-१०५ चा सेट होता (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). बोटं सोलून निघायची म्हणून ४०-९५ चा हलका सेट चढवला. दुसऱ्याच दिवशी ई तारेवर (सर्वांत जाड) पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटपर्यंत खर्रर्र. पाचव्याच्या पुढे तीच तार स्वच्छ वाजते. मोकळी छेडली तरी जरा खरखरतेच.

मला वाटलं तार फार खाली बसली असेल, म्हणून ब्रिजवरचे सॅडल (तारांचे टेकू) उचलले. आता बाराव्या फ्रेटवर तार दाबताना दम लागतो, आणि पहिल्या फ्रेटवरची खरखर जिथल्या तिथे!

मग नेक तपासली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), एका हाताने तार शेवटच्या फ्रेटवर दाबली आणि सातव्या-आठव्याच्या मध्ये टिचकी मारली. तिथे बारीक फट हवी, टक् असं ऐकू यायला हवं. काहीच नाही. तार फ्रेटांवर सपशेल आडवी पडलेली. म्हणजे नेक मागे वाकली आहे, एवढं मलाही कळलं.

ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा वाक सांभाळणारा धातूचा दांडा) पाव फेरा सैल केला, रात्रभर ठेवला. फरक शून्य. आणखी पाव फेरा, तसंच. तिसऱ्या वेळी ॲलन की हातात एकदम हलकी झाली, रॉडचा नट आता नुसता गरगर फिरतो. शिवाय ए तारेवर एक ठरावीक सूर वाजला की नेकच्या पोटात काहीतरी झिणझिणतं.

रॉड तुटला का? की नेकच गेली?

प्रतिसाद

सॅडल उचलून पहिल्या फ्रेटवरची खरखर जात नसते. सॅडलचा परिणाम ब्रिजकडच्या फ्रेटवर जास्त, पहिल्या फ्रेटजवळ नाममात्र. असो, झालं ते झालं. ट्युनिंग कोणतं ठेवता?

धागाकर्ता

अर्धा सूर खाली. गाणाऱ्याचा आवाज तिथे बसतो. हे लिहायचं राहिलं, कारण त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही. तारा बदलल्या त्याच आठवड्यात सुरू केलं.

प्रतिसाद

अहो, सगळा संबंध तिथेच आहे!

४५-१०५ चा सेट ३४ इंची बेसवर नेहमीच्या सुरात लावला की चार तारा मिळून नेकला ऐंशी किलोच्या आसपास ओढतात. ४०-९५ लावलात की ही ओढ सत्तरच्या जवळ येते. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्धा सूर उतरवला की आणखी ११ टक्के गेले. म्हणजे ढोबळमानाने साठ-बासष्ट किलो. एका आठवड्यात नेकवरून वीस किलो उतरवलेत, ती मागे जाणारच.

आता रॉड. तुटलेला रॉड आवळताना कळतो, नट फिरत राहतो आणि नेक ढिम्म. तुमचा सोडताना हलका झाला, म्हणजे तो फक्त मोकळा झाला आहे. नेकच्या पोटातली झिणझिणही त्याचीच.

रॉड दोन प्रकारचे असतात. एकेरी रॉड फक्त तारांच्या ओढीला विरोध करतो, नेक पुढे ढकलू शकत नाही. दुहेरी रॉड मोकळा झाल्यावर त्याच दिशेने फिरवत राहिलं की पुन्हा घट्ट लागतो आणि नेक पुढे नेतो. बोटाच्या जोरावर अर्धा-एक फेरा बघा. पुन्हा अडलं तर दुहेरी. नट बाहेरच यायला लागला तर एकेरी, तिथेच थांबा. एकेरी असेल तर उपाय एकच, ओढ वाढवा. जुना सेट परत चढवा.

आणि बोटांचं म्हणाल तर, बोटं बारीक तारेने वाचत नाहीत, खालच्या ॲक्शनने (तार आणि फ्रेटमधलं अंतर) वाचतात. आधी कोणत्या फ्रेटवर तार किती वर होती, मोजलं होतं?

धागाकर्ता

नाही मोजलं. खजील.

प्रतिसाद

जुन्या तारा फेकल्या नसतील तर बरं. बेसच्या तारांचे भाव बघता मी तर गंजलेल्यासुद्धा डब्यात ठेवतो.

धागाकर्ता

तीन दिवसांनी लिहितोय. रॉड एकेरीच निघाला. जुना ४५-१०५ सेट सापडला, चढवला, ट्युनिंग अर्धा सूर खालीच ठेवलं. लगेच काही दिसलं नाही. सकाळी पुन्हा कॅपो लावून टिचकी मारली तर टक्! व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास फट.

मग सॅडल खाली आणले. सतराव्या फ्रेटवर ई तार २.४ मिमी, जी तार २ मिमी. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) बिघडलंच होतं. ई तारेचा बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच बोट नुसतं टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा येत होता, म्हणून सॅडल मागे घेऊन तार लांब केली. प्रत्येक वेळी आधी तार ढिली, मग स्क्रू, मग पुन्हा सूर. अर्धा तास गेला.

पहिला फ्रेट स्वच्छ. दुसरा, तिसराही. बोटांना आधीपेक्षा कमी त्रास आहे, हे मान्य.

झिणझिण अजून होती. रॉडचा नट जेमतेम टेकेल इतकाच आवळला, ती बंद झाली आणि फट तेवढीच राहिली. ४०-९५ चा सेट जेमतेम दोन आठवडे वापरलेला, नीट गुंडाळून डब्यात ठेवला आहे.