१९७१चा मेमोरियल कप: क्यूबेकचं विजेतेपद निर्विवाद मानायचं का?

ओंकार:
कॅनडाच्या ज्युनिअर आइस हॉकीत मेमोरियल कपपेक्षा मोठा मान नाही. १९७१ साली तो क्यूबेक राँपार संघाने नेला. पण पूर्व विभागाची अंतिम मालिका पुरी झालीच नव्हती. राँपार ३-२ असे पुढे होते, सहावा सामना क्यूबेक शहरात होता आणि सेंट कॅथरिन्स ब्लॅक हॉक्सने तिथे जायला नकार दिला. राँपारला पुढे चाल मिळाली. याआधी तिथल्या प्रेक्षकांनी या पोरांवर बटाटे, अंडी, टोमॅटो फेकले होते, त्यांच्या बसवर हल्ला केला होता. आईबाप म्हणाले, आमची मुलं परत पाठवणार नाही. कोण पाठवेल? चषकावरचं नाव खोडा असं मी म्हणत नाही. पण त्या नावाशेजारी ही नोंद हवीच.

सुलभा:
अजिबात पटलं नाही. बटाटे काय राँपारच्या गी लाफ्लरने फेकले? त्या मोसमात त्याने १३० गोल केले. पुढे अंतिम फेरीत एडमंटन ऑइल किंग्सला सलग दोन सामन्यांत हरवलं. प्रेक्षकांच्या पापाची शिक्षा खेळाडूंच्या नावाला कशासाठी?

ओंकार:
एडमंटनविरुद्धचे सामनेही क्यूबेकमध्येच झाले, सुलभाताई.

सुलभा:
मग सेंट कॅथरिन्सविरुद्धच्या मालिकेतला पाचवा सामना कुठे झाला? टोरांटोत, मेपल लीफ गार्डन्सवर. म्हणजे ऑन्टारिओतच, सेंट कॅथरिन्सच्या प्रांतात. तो त्यांनी जिंकलाही.

मकरंद:
तुम्ही दोघंही मार्सेल दिओनला विसरताय. हा क्यूबेकमधल्या ड्रमंडव्हिलचा, घरात फ्रेंच बोलणारा मुलगा इंग्रजीभाषक ऑन्टारिओच्या सेंट कॅथरिन्स संघात गेला, म्हणून क्यूबेकमध्ये त्याला गद्दार म्हणत. त्यात ऑक्टोबर १९७० ताजा होता. क्यूबेकच्या फुटीरतावाद्यांनी पळवलेले मंत्री पिएर लापोर्त यांचं प्रेत गाडीच्या डिकीत सापडलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. अशा शहरात तो सामना लावणाऱ्यांना मी दोषी धरतो. सहावाही टोरांटोत घेता आला असता.

सुलभा:
हे मान्य. नोंद करायचीच तर आयोजकांच्या नावाने करा. पुढच्याच वर्षापासून कॅनडाच्या तिन्ही ज्युनिअर लीगचे विजेते एका ठिकाणी आणून स्पर्धा घ्यायला लागले, १९७२ला ओटावात. लाफ्लरच्या पोरांचा चषक मात्र पुरा त्यांचाच.

ओंकार:
आणि दिओनला तो सहावा सामना कधीच मिळाला नाही. मी नोंदीवर ठाम आहे.