मदत हवी आहे: ड्रॉइंगमध्ये दोन केबल, लोकेटरवर एकच रेषा. चर कसा खणावा?

कच्चा_आराखडा
पावसाळी गटारासाठी ६० मीटर लांब, ९० सेंमी रुंद आणि १.६ मीटर खोल चर मारायचा आहे. ड्रॉइंगनुसार मध्यावर चराला आडव्या जातात: ११ केव्हीच्या दोन केबल (एकमेकींपासून ४० सेंमीवर), २०० मिमीची बिडाची पाण्याची लाइन आणि ९० मिमीची प्लास्टिकची गॅस लाइन. लोकेटर (जमिनीखालच्या लाइन शोधणारं यंत्र) पॉवर मोडवर फिरवला तर एकच ठळक रेषा मिळते, तीही ड्रॉइंगपासून सव्वा मीटर सरकलेली. खोली ०.९ मी. दाखवतो, ड्रॉइंगमध्ये १.२ आहे. गॅस लाइनचा पत्ताच नाही. पोकलेनवाला म्हणतो, "पाऊण मीटरपर्यंत बिनधास्त घेतो, पुढचं हाताने." घेऊ द्यावं का? की जीपीआर (जमिनीखाली पाहणारं रडार) भाड्याने आणावं? माती काळी, चिकट आणि सध्या ओली आहे.

लोकेटरवाला
घेऊ देऊ नका. मिळालेली रेषा केबलचीच आहे हे कशावरून? पॉवर मोड केबल ओळखत नाही, मेन्सच्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र तेवढं पकडतो. दुसरी केबल चार्ज असूनही तिच्यावर लोड नसेल तर ती गप्प बसते. तीन फेज एकाच आवरणात असतील आणि लोड समतोल असेल, तर क्षेत्रं एकमेकांना मारतात. उलट बिडाच्या पाइपावर भटका प्रवाह चढला असेल तर तोच ठळक दिसतो. म्हणजे तुमची रेषा कदाचित पाण्याची आहे.

ट्रान्समीटर (लाइनवर स्वतःचा सिग्नल चढवणारा जोडीचा डबा) लावा. पाण्याच्या लाइनला व्हॉल्व्हवर थेट जोडणी करा, धातू घासून चकचकीत करून. अर्थिंगचा खुंटा लाइनच्या काटकोनात, वायर पुरेल तितका लांब ठोका. वाटेत दुसरी लाइन असेल तर सिग्नल तिच्यावर चढतो. ११ केव्हीला थेट जोडणी अजिबात नाही. तिथे क्लॅम्प (केबलभोवती अडकवून सिग्नल चढवणारं कडं), आणि तोही वीज कंपनीच्या अधिकृत माणसाच्या हातून. ट्रान्समीटर नुसता जमिनीवर ठेवून इंडक्शन करणं (न जोडता सिग्नल चढवणं) हा शेवटचा उपाय, कारण ते आसपासच्या सगळ्याच लाइनींवर चढतं. शिवाय रिसीव्हर (म्हणजे हातातला लोकेटर) ट्रान्समीटरपासून दहा-पंधरा मीटर तरी लांब हवा, नाहीतर तो जमिनीऐवजी हवेतला सिग्नल वाचतो.

कच्चा_आराखडा
क्लॅम्प लावून घेतला, ३३ किलोहर्ट्झवर. आता तीन समांतर रेषा येतात. सगळ्यात जोरदार सिग्नल ज्या रेषेवर येतो तिथे तर आम्ही पाण्याची लाइन धरली होती!

लोकेटरवाला
सिग्नल उडी मारतोय. वरची फ्रिक्वेन्सी सहज शेजारी जाते. ८ किलोहर्ट्झ किंवा त्याखाली उतरा. (बिडाच्या पाइपाला रबर रिंगचे जोड असतील तर मात्र उलट: तिथे कमी फ्रिक्वेन्सी जोड ओलांडत नाही, वरचीच लागते.) आणि सिग्नलचा जोर पाहू नका. उथळ लाइन करंट कमी असूनही जोरात दिसू शकते. रिसीव्हरवर करंट वाचायची सोय असेल तर तिन्ही रेषांवर वाचा. सर्वात जास्त मिलिअँप जिथे, ती क्लॅम्प लावलेली केबल.

मग पीक (लाइनवर सिग्नल सर्वात जास्त) आणि नल (लाइनवर सर्वात कमी) दोन्ही मोडमध्ये जागा खुणवा. दोन खुणांत १५ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर क्षेत्र वाकलेलं आहे, खोलीचा आकडा सोडून द्या. खोलीची परीक्षा सोपी आहे: रिसीव्हर बरोबर ५० सेंमी उचला, आकडाही ५० सेंमीनेच वाढायला हवा. हेही लक्षात ठेवा की ती खोली मध्यापर्यंतची असते. २०० मिमीच्या पाइपाचा माथा त्याहून किमान १० सेंमी वर असतो.

थर_दर_थर
जीपीआरवर पैसे घालवण्याआधी: ओली चिकणमाती रडारची लहर गिळून टाकते. शिवाय ढोबळ नियम असा की खोलीच्या दहाव्या भागाइतका तरी व्यास हवा. १ मीटरवरचा ९० मिमी पाइप कोरड्या वाळूतही काठावरच, त्यात प्लास्टिकचा परावर्ती सिग्नल क्षीण. तुमच्या मातीत स्क्रीन कोरी आली म्हणून जागा मोकळी आहे असं धरू नका.

गॅस लाइनसाठी व्हॉल्व्ह चेंबरमध्ये ट्रेसर वायरचं (प्लास्टिक पाइप शोधता यावा म्हणून सोबत टाकलेल्या तारेचं) टोक आहे का ते गॅस कंपनीकडून पाहून घ्या. असेल तर त्यावर ट्रान्समीटर चालतो. वायर तुटलेली असेल तर सिग्नल मध्येच संपतो आणि लाइन तिथेच संपली असा भास होतो.

फावडं_आधी
आता खणायचं. प्रत्येक लाइनला स्वतंत्र ट्रायल पिट (चाचणीचा छोटा खड्डा), हाताने. खड्डा खुणेच्या डोक्यावर नको, बाजूला सुरू करा आणि माती आडवी, बाजूने खरवडत लाइनकडे या. इन्सुलेटेड दांड्याचं, गोल कडेचं फावडं. कुदळ, पहार, टोकदार सळई बाहेरच ठेवा. माती बदलली, वाळू लागली, विटा किंवा इशारा पट्टी दिसली की लाइन जवळ आलीच. पण पट्टी नाही म्हणून केबल नाही असं नसतं, जुन्या दुरुस्तीत ती कोणी परत टाकत नाही. प्रत्येक ३०-४० सेंमीवर लोकेटर पुन्हा खड्ड्यात धरा.

लाइन डोळ्यांनी दिसली, तिचा माथा लेव्हलने मोजला, दोन्ही बाजूंना कडेपासून किमान ५०० मिमीची पट्टी चुन्याने आखली, की पट्टीबाहेर मशीन. आत फक्त हात किंवा व्हॅक्यूम. आणि बिनदाती बकेटने केबल वाचते हा गैरसमज आहे. आवरण ती चिरडतेच. दोन केबल असतील तर दोन्ही दिसेपर्यंत थांबा. एक सापडली की लोक निर्धास्त होतात, आणि दुसरी तिथेच फुटते.

१.६ मीटर आणि ओली चिकणमाती म्हणजे बाजूंना शोअरिंगही (माती ढासळू नये म्हणून फळ्यांचा आधार) लागेल. फळ्या ठोकताना लाइनवर दाब येणार नाही हे पाहा.

कच्चा_आराखडा
दोन्ही केबल दिसल्या, ०.७४ आणि ०.८१ मी. गॅसची ट्रेसर वायर मिळाली. पाण्याची लाइन मात्र चराजवळच वळते आणि वळणामागे काँक्रीटचा ठोकळा आहे. तो चराच्या आड येतोय. फोडू का?

फावडं_आधी
हात लावू नका! तो थ्रस्ट ब्लॉक आहे. वळणावर पाण्याचा दाब पाइपाला बाहेर ढकलतो. ६ बारला २०० मिमीच्या ९० अंशी वळणावर हा जोर अडीच टनांहून जास्त असतो. ठोकळा तो जोर मागच्या मातीवर टाकतो, म्हणून त्याच्यामागची माती काढली तरी जोड निसटतो. चराची रेषा सरकवा, नाहीतर पाणी खात्याकडून लाइन बंद करून दाब उतरवून घ्या, आणि पर्यायी आधार त्यांच्या डिझाइननुसारच.

पोकलेनवाल्यासाठी (थर_दर_थर)
ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा: केबलला बकेट लागली तर केबिनमध्येच बसायचं, जमेल तर मशीन मागे घ्यायची, बाकीच्यांनी १० मीटर लांब. वीजपुरवठ्याचा सर्किट ब्रेकर पडला तरी तो केबल आपोआप पुन्हा चार्ज करू शकतो. आग लागली म्हणून उतरावंच लागलं, तर दोन्ही पाय जुळवून उडी, मशीन आणि जमीन एकाच वेळी धरायची नाही, आणि पाय जुळलेलेच ठेवून घसटत लांब जायचं. गॅसचा वास आला तर काम बंद, मोबाइलही तिथे नाही, वारा येतो त्या बाजूला लांब जाऊन मग गॅस कंपनीला फोन. पाइपावर नुसता ओरखडा उठला तरी कळवा. परस्पर माती लोटू नका.