सर्व्हिसिंगनंतर डिस्क ब्रेक किंचाळतोय, पॅड बदलावेच लागतील का?

पेडलपांडू:
नमस्कार मंडळी, साधी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, मेकॅनिकल डिस्क ब्रेक, म्हणजे वायरवाले. मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंग करून आणली आणि तेव्हापासून मागचा ब्रेक दाबला की असा किंचाळतो की सिग्नलला पुढचा रिक्षावाला वळून बघतो. पुढचा ब्रेक दाबल्यावर गप्प आहे पण ब्रेक न दाबता नुसती सायकल चालवताना चाकातून स्स्... स्स्... असं थांबून थांबून येतं. दुकानवाला म्हणतो चारही पॅड बदला. मला तर अर्ध्याहून जास्त शिल्लक दिसतायत. रविवारी सिंहगडचा बेत आहे, काय करू?

घाटवेडा:
आधी एक सांग, मागचा ब्रेक नुसता ओरडतोय की पकड पण गेलीय? आणि सर्व्हिसिंगला चेनवर स्प्रे मारला होता का?

पेडलपांडू:
पकड गेलीय, हो. आधी दोन बोटांत थांबायची, आता लिव्हर पार दाबावा लागतो. चेनवर आणि मागच्या गिअरवर स्प्रे मारताना मी समोरच उभा होतो, चांगला सढळ हाताने मारला.

घाटवेडा:
मग सापडला चोर. चेन उजवीकडे आणि रोटर, म्हणजे पॅड जिला चिमटतात ती चाकावरची धातूची चकती, डावीकडे असला तरी फवारा स्पोकमधून आरपार जातो, रोटरवर तेल बसतं आणि तिथून पॅडमध्ये मुरतं. आवाज अधिक पकड कमी म्हणजे बहुतेक वेळा तेलच.

मोबाईल रिपेअरवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं ते घे, सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन रोटरवर राहतं. चाक काढ, धुतलेल्या फडक्याने रोटर दोन्ही बाजूंनी पूस, फडकं काळं झालं की बदल, आणि नंतर रोटरला बोट लावू नकोस, हाताचा तेलकटपणासुद्धा नडतो. पॅड काढून बघ, पृष्ठभाग आरशासारखा चकाकत असेल तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलक्या हाताने घास, चकाकी जाऊन मॅट दिसेपर्यंतच. ती धूळ नाकात जाऊ देऊ नकोस. मग मोकळ्या रस्त्यावर वीसेकच्या स्पीडला जाऊन ब्रेक दाबत चालण्याइतका वेग आण, पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक करायचं नाही, असं पंधरा-वीस वेळा कर. हे लोक करतच नाहीत आणि मग म्हणतात साफ करूनही ओरडतोय.

ग्रीसबाबा:
एवढं कशाला, पॅड गॅसवर भाजा, तेल जळून जातं. आम्ही कायम तेच करतो.

घाटवेडा:
बाबा, मेटॅलिक पॅडला एक वेळ चालेल, पण साध्या सायकलींना बहुतेक रेझिनचे पॅड येतात, त्यातला बाइंडरच, म्हणजे पॅडचा थर धरून ठेवणारा चिकट भाग, जळतो. घाट उतरताना पॅडचा थर पत्र्यावरून सुटला तर काय करणार? घासूनही पकड आली नाही तर तेल खोल मुरलंय समज, मागची जोडी बदल. पुढच्या पॅडना हात लावायचं काही कारण दिसत नाही.

खडखडाट_पुणे:
पुढच्याचं मी सांगतो. सायकल उलटी करून चाक फिरव आणि कॅलिपरच्या (दोन्ही पॅड ज्यात बसतात त्या भागाच्या) पलीकडे पांढरा कागद धरून फटीतून बघ. थांबून थांबून येतंय म्हणतोस, तर दर फेरीला रोटर एकाच जागी घासत असणार, म्हणजे रोटर किंचित वाकलाय. गाडीतून नेताना, नाहीतर स्टँडवर दुसरी सायकल टेकली तरी वाकतो. ती जागा मार्करने खूण कर आणि स्वच्छ पुसलेल्या स्क्रू पान्यात धरून हळूच उलट बाजूला दाब, जोर अजिबात नको, दाब, फिरव, बघ, पुन्हा दाब.

सतत घासत असता तर कॅलिपर सरकलाय असं म्हटलं असतं. तेव्हा त्याचे दोन बोल्ट ५ च्या एलन कीने (षटकोनी किल्लीने) सैल करायचे, ब्रेक दाबून धरायचा आणि तसंच धरून थोडे थोडे आलटून पालटून आवळायचे. पण बऱ्याच स्वस्त मेकॅनिकल कॅलिपरमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो आणि रोटरला आतल्या पॅडवर ढकलतो, म्हणून आधी आतल्या पॅडचा स्क्रू फिरवून तो रोटरच्या अगदी जवळ आणायचा, नुसती उजेडाची रेघ दिसेल इतका.

अनघा_कोथरूड:
मध्येच विचारते, सॉरी. लेकीच्या सायकलला डिस्क नाहीये, रबरवाले ब्रेक आहेत, पाऊस सुरू झाल्यापासून कर्कश्श ओरडतात. यालाही अल्कोहोल चालेल का?

खडखडाट_पुणे:
ताई, रिम पुसायला चालेल, पण आधी रबर बघा. पावसात चिखल आणि रिमच्या ॲल्युमिनियमचे कण रबरात रुततात, चमकणारे ठिपके दिसले तर सुईने काढा, नाहीतर ते रिम खात राहतात. मग रबर थोडं पॉलिश पेपरवर घासा. तरीही ओरडलं तर रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकायला हवं, मागे साधारण मिलिमीटरभर फट. रबराच्या मागच्या टोकाखाली जुनं व्हिजिटिंग कार्ड दुमडून ठेवा, ब्रेक दाबून रबर रिमवर टेकवा, नट आवळा, कार्ड काढा. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर हे काही न करता सरळ नवीन जोडी आणा, फार महाग नसते.

घाटवेडा:
पांडू, शनिवारीच एखाद्या छोट्या उतारावर ट्राय घे, पकड परत आली नसेल तर रविवारी सिंहगड नको. आणि उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नकोस, दाब-सोड कर, खाली आल्यावर रोटरला हात लावशील तर पोळेल. ओल्या रस्त्यावर पहिले दोन-चार ब्रेक ओरडले तर ते चालायचंच, पाणी पुसलं गेलं की गप्प होतात.