लिबरल पक्ष नेमका कशाने खचला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात गोखल्यांवर बोलायचे आहे. तयारी करताना एका ठिकाणी अडकले आहे. विलायतेच्या राजकारणाचे जाणकार इथे आहेत, म्हणून विचारते.

दादाभाई, गोखले, काँग्रेसचे ब्रिटिश पाठीराखे वेडरबर्न या सगळ्यांची भिस्त लिबरल पक्षावर होती. दादाभाई १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले ते याच पक्षाकडून. १९०६ मध्ये पक्षाला चारशेच्या आसपास जागा मिळाल्या आणि भारतमंत्री मोर्ले गोखल्यांशी बोलणी करत होते. आणि १९२४ मध्ये त्याच पक्षाला जागा किती, तर ४०! अठरा वर्षांत एवढी पडझड मला काही केल्या उलगडत नाही.

बहुतेक ठिकाणी अ‍ॅस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज या दोन लिबरल नेत्यांच्या भांडणावर खापर फोडलेले दिसते. डिसेंबर १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ यांचे पंतप्रधानपद गेले, लॉइड जॉर्ज हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या बळावर पंतप्रधान झाले, आणि १९१८ च्या निवडणुकीत अ‍ॅस्क्विथना स्वतःची ईस्ट फाइफची जागासुद्धा राखता आली नाही. इथवर पटते. पण १९२३ मध्ये खुल्या व्यापाराच्या मुद्द्यावर दोघे एकत्र आले, १५८ जागा मिळाल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या ४० वर आल्या. मजूर पक्षाच्या मॅकडोनल्डचे सरकार लिबरलांच्याच पाठिंब्यावर आले म्हणून बिचकलेला मतदार हुजूर पक्षाकडे गेला असे मानले, तरी इतका?

दुसरे कारण मताधिकाराचे. १९१८ च्या कायद्याने मतदार सुमारे पाऊण कोटीवरून दोन कोटींच्या वर गेले आणि नवा कामगार मतदार मजूर पक्षाकडे वळला, असे म्हणतात. पण युद्धाच्या लगेच आधीच्या, १९११ ते १९१४ च्या पोटनिवडणुकांत मजूर पक्षाने लिबरलांच्या जागा हिसकावल्याचे दिसत नाही. उलट १९०३ च्या गुप्त समझोत्याने लिबरलांनीच त्यांना काही मतदारसंघ मोकळे करून दिले होते.

मला स्वतःला युद्धाचे कारण सर्वांत मोठे वाटते. व्यक्तिस्वातंत्र्य मानणाऱ्या पक्षाच्याच पंतप्रधानाने, अ‍ॅस्क्विथनी, १९१६ मध्ये संमिश्र सरकारातून सक्तीची लष्करभरती आणली. मोर्ले तर १९१४ मध्येच युद्धाला विरोध म्हणून मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. भरतीच्या प्रश्नावर गृहमंत्री जॉन सायमननी राजीनामा दिला. ‘सायमन परत जा’ मधले सायमन ते हेच! हे वाचून मी थबकलेच. १९३१ मध्ये पक्षाची आणखी शकले झाली, त्यातल्या एका गटाचे नेतेही तेच.

तर माझे प्रश्न असे. १९१८ आधी ज्याचे नाव यादीतच नव्हते, तो कामगार मनाने कोणाकडे होता हे ठरवायला काही आधार सापडतो का? नगरपालिकांच्या निवडणुकांवरून काही कळते का? आणि १९१७-१८ मध्ये मतदानपद्धत बदलण्याची चर्चा चालू होती, सरकारचे प्रमुख लॉइड जॉर्ज होते, तरी ती संधी का सोडली? १९२९ मध्ये २३ टक्के मते मिळूनही जागा ५९ च आल्या, तेव्हा हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले आणि मे १९१५ मध्ये निव्वळ लिबरलांचे शेवटचे सरकार संपले. भाषणाचा शेवट इथेच आणायचा आहे, म्हणून त्याआधीची कारणमीमांसा चुकू नये असे मनापासून वाटते. मराठीत यावर काही वाचलेले असेल तर तेही जरूर सांगा.