एकच अ‍ॅम्प, दोन स्पीकर: गाणं हवं आणि आईला मालिकेतलं बोलणंही कळायला हवं

माडाखालचा, देवगड

आमच्या आईचं रोज संध्याकाळचं वाक्य ठरलेलं आहे: "आवाज येता रे, पण बोलतत काय ता कळना नाय." वय 79. मी आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं, कुणी दार आपटलं की ती दचकते, आणि बोलणं होतं तिथंच राहतं.

घर जुनं, चिऱ्याचं, वर कौलं. माजघरात पूर्वी सारवलेली जमीन होती, आता टाइल्स आहेत. खोली 18 बाय 11 फूट. 43 इंची टीव्ही, त्याच्या दोन्ही बाजूंना बुकशेल्फ स्पीकर, मध्ये सात फूट अंतर. वडिलांनी घेतलेला दोन चॅनेलचा (डावा आणि उजवा) अ‍ॅम्प अजून ठणठणीत आहे. टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून वायर थेट त्यात. आईची आरामखुर्ची डाव्या स्पीकरला जवळजवळ चिकटून, दाराशी.

रात्री नऊनंतर खोली माझी. सीडीवर अभिषेकीबुवा किंवा किशोरीताई, दिवा बंद. दुकानात जाऊन साउंडबार ऐकून आलो. बोलणं स्पष्ट होतं, पण तानपुरा मला त्यात सापडलाच नाही. म्हणून गाण्याचे स्पीकर मी काढणार नाही. 15 हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. आणखी एक गोष्ट, संबंध आहे की नाही कळत नाही: मे महिन्यात घर झाडलं तेव्हा स्पीकरच्या वायरींची टोकं हिरवी पडली होती, ती कापून नवीन सोलून लावली. तेव्हापासून गाण्यातही बुवा नेमके कुठे बसलेत ते समजेनासं झालंय.

पडवीतला रेडिओ, मालवण

सेंटर स्पीकर हवा तुम्हाला. 5.1 मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा अशा मांडणीत, बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, त्यामुळे तो चॅनेल 3 डेसिबल कमी करून दोन्हीकडे वाटला जातो आणि संगीतात मिसळतो. एव्ही रिसीव्हर, म्हणजे दोनाहून जास्त स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प, घ्या, तुमचे दोन स्पीकर तसेच ठेवा, मध्ये तिसरा लावा. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणायला एचडीएमआय एआरसीची एकच वायर. गाण्याच्या वेळी रिसीव्हर स्टिरिओवर टाकलात की मधला गप्प. फक्त 15 हजारांत नवा रिसीव्हर आणि सेंटर दोन्ही बसवणं कठीण.

चिरेखाण, रत्नागिरी

दादा, अजून काही विकत घेऊ नका. तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे असं मला वाटतंय.

मी टीव्ही-अ‍ॅम्प दुरुस्त करतो. पावसाळ्याच्या आगेमागे अशा तक्रारी येतातच. खाऱ्या हवेने तांबं काळं-हिरवं पडतं, माणूस टोकं कापून पुन्हा लावतो, आणि पारदर्शक वायरीवर प्लस-मायनस ओळखायला एक बारीक रेघ असते ती उजेडाअभावी दिसत नाही. मग एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. वाद्यं इकडे-तिकडे पसरलेली असतात, त्यांचं फारसं बिघडत नाही. पण गायकाचा गळा आणि मालिकेतलं बोलणं दोन्ही बाजूंना सारखंच असतं, ते एकमेकांना खातं. आवाजातला भरदारपणा जातो आणि तो मधून न येता खोलीभर तरंगत राहतो.

तपासायला एक पेन्सिल सेल पुरे. अ‍ॅम्प बंद करा. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पकडून सोडवा. सेलचं प्लस अ‍ॅम्पच्या लाल टोकाला होती त्या वायरीला, मायनस काळ्याला होती तिला, आणि क्षणभरच टेकवा. पडदा पुढे आला पाहिजे. दोन्हींचा सारखा आला तर मी चुकलो.

आणि अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असेल तर टीव्ही बघताना बंद ठेवा, त्याने खर्ज वाढतो. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीला कमी होतो. 'स', 'श', 'त', 'क' ही व्यंजनं तिथंच असतात आणि मुळात दबकी असतात. स्वर ऐकू येतात, म्हणून "आवाज येतो". व्यंजनं निसटतात, म्हणून "कळत नाही". तुमच्या आई अगदी बरोबर सांगताहेत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कुठे 'सराउंड' चालू असेल तर तेही बंद करा.

माडाखालचा, देवगड

चिरेखाण, तुम्ही बरोबर होता. टॉर्चमधला सेल काढला. डाव्याचा पडदा टक् करून पुढे आला. उजव्याचा आत गेला. मी तीनदा करून पाहिलं, बोट हलकं टेकवूनही पाहिलं. उजव्याच्या मागे टॉर्च धरला तेव्हा ती रेघ दिसली. चार महिने मी हे ऐकत होतो.

वायर फिरवली आणि एक जुनं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आवाज असलेलं, ध्वनिमुद्रण लावलं. बुवा टीव्हीच्या बरोबर समोर येऊन बसले. मला भरून आलं, खरंच. लाउडनेस दाबलेलाच होता, तोही काढला. जमिनीवर घरातली मोठी चटई आणि जुनी गोधडी घातली, टाळी वाजवल्यावर जो खणखणाट व्हायचा तो बराच कमी झाला.

पण आईला फरक थोडाच पडला. तिला मधल्या खुर्चीवर बसवलं तेव्हा मालिका नीट कळली, मध्ये मला एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. खळ्यात कोण आलं-गेलं ते तिला तिथूनच दिसतं. आयुष्यभर ती त्या दाराशी बसली आहे, तिथून मी तिला उठवणार नाही.

खारे वारे, वेंगुर्ला

उठवूही नका. आवाज त्यांच्याकडे न्या. माझ्या सासऱ्यांसाठी मी हेच केलं.

तुमच्या जुन्या अ‍ॅम्पच्या मागे 'रेक आउट' किंवा 'टेप आउट' असणार, कॅसेट डेकसाठी असायचं ते. तिथला आवाज व्हॉल्यूमच्या बटणाआधीच बाहेर पडतो, म्हणजे तुम्ही मोठं-बारीक केलंत तरी तिकडे फरक पडत नाही. तिथून कॉम्प्युटरचे साधे वायरवाले स्पीकर लावा, ज्यांचं बटण स्वतःचं असतं. दोन्ही शेजारी-शेजारी, एका स्टुलावर, आईंच्या कानाच्या उंचीला, टीव्हीच्या दिशेला, दोन-तीन फुटांवर. तोंडासमोर बसून कुणी बोलावं तसं होतं ते. जवळून ऐकल्यामुळे खोलीचा घुमाराही मध्ये येत नाही. टीव्हीचा आवाज एका ठिकाणी ठेवा, बाकी सगळं बटणांवर.

ब्लूटूथवाला घेऊ नका. तो जरा मागे पडतो, मोठे स्पीकर चालू असले की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आमचे पहिले पैसे त्यातच गेले. आणि कान एकदा तपासून घ्या, हे मी प्रेमाने सांगते आहे. सासऱ्यांच्या कानात नुसता मळ होता असं निघालं.

माडाखालचा, देवगड

ताई, 'रेक आउट' आहे! पिना हिरव्या होत्या, स्पिरिटने पुसल्या. भाच्याच्या कॉम्प्युटरचे पडून असलेले स्पीकर लावले. खर्च वायरीचा, तेवढाच. सीडी लावली की आईकडचे स्पीकर बंद करायचे, एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

काल तिने बटण स्वतः फिरवलं. मी मोठे स्पीकर पार बारीक केले होते, मला जेमतेम ऐकू येत होतं. मी विचारलं, "काय म्हणाली ती?" तर आईने मला अख्खा संवाद सांगितला.

कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारी जातोय.