अनुभव धागा: पडद्यावरचा चेहरा आणि आपला आरसा

१९७५ साली भारतात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. पाटी बदलली, पण जाहिराती, मालिका आणि आता रील्स यांनी कोवळ्या वयात मनात बसवलेली सौंदर्याची आणि आनंदाची मापे बदलली का? मते नकोत, स्वतःच्या बाबतीत काय घडले ते लिहावे.

सांगली, शिक्षिका
१९९४ साली सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली, तेव्हा मी शाळेत होते. त्या वर्षी आमच्या घरात मुलींच्या उंचीची आणि रंगाची चर्चा एकाएकी उघडपणे होऊ लागली. टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या सावळ्या मुलीला रंग उजळल्यावरच नोकरी मिळत असे, म्हणून मीही ट्यूब आणली आणि कॅलेंडरवर रोज एक चौकोन खोडत राहिले. रंग होता तोच राहिला, मात्र फोटो काढताना मागच्या रांगेत सरकण्याची सवय कायमची लागली. माझा रंग आजीचा आहे, हुबेहूब. आणि ती आता नाही, तर आम्हा दोघींचा एकही धड फोटो घरात नाही.

पुणे जिल्हा, औषधविक्रेता
मुली मोबाइलवर ट्यूबचे चित्र दाखवून "हीच द्या" म्हणतात. पुष्कळदा ते स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या औषधांचे मिश्रण असते, जे त्वचारोगतज्ज्ञ वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळसर डागांवर, तेही थोडेच दिवस लावायला देतात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो, आणि फसगत होते ती तिथेच. पुढे त्वचा पातळ होते, उन्हात जळजळते, पुरळ येते, आणि लावणे थांबवले की सगळे उफाळून येते, म्हणून पोरी पुन्हा तीच ट्यूब मागतात. २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. मी नाही म्हणतो तेव्हा त्या पुढच्या दुकानात जातात, हे मला ठाऊक आहे.

(धागाकर्ता: चित्र कोणी पाठवले, हे कधी विचारलेत का?)
विचारले. बहुतेकींना ते रीलमध्ये दिसले होते. एकीला मात्र होणाऱ्या सासूबाईंनी पाठवले होते.

नाशिक, वय २२
मुलांचे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. पोटावर सिक्स पॅक दिसावेत म्हणून मी एका लग्नाच्या आधी दोन दिवस पाणी जवळपास बंद केले आणि मांडवातच चक्कर येऊन पडलो. घरच्यांना अजून वाटते की ऊन लागले.

सातारा, महाविद्यालयीन विद्यार्थिनी
माझा प्रश्न रंगाचा नाही, आनंदाचा आहे. फुलांच्या हंगामात आम्ही चौघी कास पठारावर गेलो आणि एकदम हसत वळण्याचा एकच तुकडा मनासारखा जमेपर्यंत पुनःपुन्हा चित्रित केला. तो सर्वांना आवडला. नंतर तो इतक्यांदा पाहिला की ती सहल आनंदाची होती, असे मीही धरून चालले होते. परवा तोच तुकडा मी आईला कौतुकाने दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "अगं, त्याच दिवशी परतताना एसटीतून मला फोन करून रडली होतीस ना?"